लाल दोऱ्याची कवडी

१

राखी राठोडच्या रक्तात साखर उरली नव्हती आणि तिच्या पोटावर सुई टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रविवारी सकाळी तिच्या बापाला हे सांगितलं, तेव्हा राखीला जाऊन अर्धा तास झाला होता.

शुक्रवारी दिवस मावळताना ती आश्रमशाळेमागच्या मैदानावर पडलेली सापडली होती. पायात धावायचे बूट, अंग घामानं निथळत होतं आणि दातखीळ बसली होती. वय एकवीस. वर्षभर ती पोलीस भरतीसाठी त्या मैदानावर धावत होती. तिला मधुमेह नव्हता.

"साखर इतकी खाली आपोआप जात नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक इन्सुलिन गेलंय अंगात. तपासणीचा अहवाल यायला महिने लागतील. पण तिनं घेतलं की कोणी दिलं, हे तुमच्या घरच्यांनाच कळेल."

आर्णीच्या अलीकडे, फाट्यापासून दीड किलोमीटर आत, राखीचा साठ घरांचा बंजारा तांडा आहे. डॉक्टरांचं बोलणं तिथं पोचेपर्यंत त्याला पाय फुटले होते. दर शुक्रवारी दुपार कलली की राखी फाट्यावर रहमतच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात जायची, हे कोणी तरी पाहिलं होतं. रहमतचा पोरगा जुनेद तिला दुकानाच्या मागच्या बाजूला काही तरी द्यायचा, हेही कोणी तरी पाहिलं होतं. पाहणारे तेव्हा गप्प बसले होते. आता मात्र प्रत्येकाला तोंड फुटलं.

रविवारी माती देऊन आल्यावर राखीचा बाप राजकुमार हा तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, ओट्यावर येऊन उभा राहिला. मागे दहा-बारा पोरं होती.

"काका, उद्या सांजच्याले नसाब बसवा," तो म्हणाला. "तठी तुमी जुनेदचं नाव घ्या. नायकानं नाव घेतलं का पुढचं आमी पाहून घेऊ."

नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. पोरांच्या हातात तेव्हा काही नव्हतं. पण पुढचं म्हणजे काय, हे हिरासिंग नायकाला न सांगता समजलं. दुकान जळालं असतं आणि त्यात जुनेद सापडला तर तोही वाचला नसता.

"उद्या सांजेपर्यंत कोणी फाट्यावर जाचं नाई," तो म्हणाला. "मले एक दिवस द्या."

२

हिरासिंगनं तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती, बरीचशी यवतमाळ–उमरखेड मार्गावर. विनातिकीट माणूस तो चेहऱ्यावरून ओळखायचा. रिटायर झाल्यावर नायकपण घरातच होतं ते अंगावर आलं आणि जुनी शिस्तही सुटली नाही.

तांड्यात साखरेचे पाच रोगी होते आणि पाचही जणांची इन्सुलिनची पेनं रहमतच्या फ्रीजमध्ये असत. तांड्याची वीज दिवसाकाठी चार वेळा जाते. फाट्यावरची टिकते. मे महिन्यात घरात ठेवलेलं औषध उकळून निघालं असतं. म्हणून हिरासिंग रोज सकाळी फाट्यापर्यंत फिरायला जायचा, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातली पाच पेनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा आणि सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर तिकिटं वाटावीत तशी वाटायचा. सुया टोचून झाल्या की डबा परत फ्रीजमध्ये नेऊन ठेवायचा.

पेनं एकाच साच्यातली होती. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा होता. पिवळा, हिरवा, निळा, काळा आणि सोनीबाईचा लाल. सोनीबाई म्हणजे राखीची आजी, राजकुमारची आई. तिची नजर अधू म्हणून तिच्या लाल दोऱ्यात एक कवडी ओवलेली होती. अंगठ्याला कवडी लागली की पेन आपलं. आजीच्या जुन्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, एक कवडी उसवून ती राखीनंच ओवून दिली होती. "याडी, आता तुले डोये नसले तरी चालते," असं म्हणून पोट्टी हसली होती.

हिरासिंग या कामाला किती जपत होता, त्याला तांडा साक्षी होता. गुरुवारी संध्याकाळी वादळ झालं आणि फाट्यावरचीही वीज गेली. जुनेदनं फ्रीजमधलं सगळं काढून थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर टाकलं. शुक्रवारी सकाळी हिरासिंगनं त्या गार पाण्यात हात घालून पेनं वेचली. पिवळं, हिरवं, निळं, काळं, लाल, मोजून पाच. सुटलेली कवडी तळाशी पडली होती तीही शोधून काढली आणि लाल दोऱ्याला दातांनी गाठ आवळून पुन्हा बांधली. त्या दिवशी डबा तांड्यात पोचायला पाच मिनिटंसुद्धा उशीर झाला नाही.

सोमवारी सकाळीही तो डबा घेऊन गेला. औषधाला सुतक नसतं, असं त्यानं चौघांना सांगितलं आणि लाल पेन घेऊन सोनीबाईच्या घरी गेला.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. चार दिवसांत ती निम्मी झाली होती. शेजारी वाटीत वरणाचं पाणी तसंच होतं.

"पोटात काई ठरत नाई, नायक," ती म्हणाली. "आन् तहान जीव घेऊन राह्यली."

"औषध चुकवाचं नाई."

तिनं कवडी चाचपली, पेन दोन्ही तळव्यांत घोळवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. "हे पाय. पयले घोळलं का ताकावानी व्हायचं. आता निरं पानी हाये. सरकारनं औषधातही पानी घातलं काय?"

"डोये कमजोर झाले तुये," हिरासिंग म्हणाला आणि समोर उभं राहून तिला सुई घ्यायला लावली.

राखीची आई अंजू दारात उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "काईच खात नाई बुढी. शुक्रवारी रस केलता. दरसाली चोरून एक वाटी खाते. या वक्ती वाटी सरकवून देली. तवापासून अन्नाले शिवलीच नाई."

"दुःख हाये, बाई."

"मलेबी हाये," अंजू म्हणाली. "पण म्या दोन घास गियले. तिच्या पोटातलं पानीबी उलटून येते."

हिरासिंगनं मान हलवली. त्याच्या डोक्यात जुनेद होता. म्हातारीचं ऐकून घ्यायला त्याच्याजवळ वेळ नव्हता, आणि पुढे आयुष्यभर त्याला हीच सकाळ आठवत राहिली.

३

रहमतनं दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवलं होतं. रहमत आणि हिरासिंगची दोस्ती एसटीच्या काळातली. गाडी फाट्यावर थांबायची तेव्हा रहमत इथं पंक्चर काढायचा.

"हिरासिंगभाऊ, पोराले उमरखेडले बहिणीकडे धाडू काय?"

"पयाला म्हणजे गुन्हा कबूल केला, असं होईन. मले त्याच्याशी बोलू दे."

जुनेद फ्रीजला पाठ लावून उभा होता. चोवीस वर्षांचा, उंच आणि मुळात बडबड्या. आज एकेका शब्दात उत्तर देत होता.

"ते शुक्रवारी इथी येत होती?"

"हो, काका."

"कायले?"

जुनेदनं फ्रीजचं दार पाठीनं दाबून धरलं.

"तुमचं दोघायचं काई होतं?"

"नाई काका. ते मले भाऊ म्हणे. दरसाली राखी बांधे, अब्बूले विचारा."

"मंग सांग. सांजच्याले नसाबात लोक मले नाव मांगतीन. तुले वाचवाचं हाये मले, पण खोटं बोलून नाई वाचवू शकत."

जुनेदनं बापाकडे पाहिलं. मग फ्रीज उघडला, दारातल्या बाटल्यांच्या मागे हात घातला आणि एक पेन काढून हिरासिंगच्या हातावर ठेवलं. तांड्याच्या पाच पेनांसारखंच. त्याला लाल दोरा होता, कवडी नव्हती.

"हे तिचं हाये," तो म्हणाला. "दीड महिन्यापासून मीच लपवून ठेवतो. शुक्रवारी ते ये, मांगं मोरीजवळ जाऊन स्वताच टोचून घे आन् मले परत दे. कसम घातली होती, कोणाले सांगू नको म्हणून."

 तांड्याची पाच पेनं हिरासिंग रोज मोजत होता. त्याच फ्रीजमध्ये सहावं होतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

"काय हाये याच्यात?"

"वजन कमी कराचं औषध. प्रेमनं देलं."

४

प्रेम म्हणजे अंजूच्या भावाचा मुलगा. तो आर्णीत एका औषधाच्या दुकानात कामाला होता. हिरासिंगला पाहताच त्याचा चेहरा उतरला. दोघं दुकानामागच्या बोळात जाऊन उभे राहिले.

"मलेच फाशी द्या, काका," प्रेम म्हणाला. "पण मले समजूनच नाई राह्यलं, हे झालं कसं."

"पयलेपासून सांग."

प्रेमनं सांगितलं. हे औषध साखरेच्या रोग्यांसाठीच निघालेलं. आठवड्यातून एकदा सुई. त्यानं भूक मरते, चार घासांत पोट भरतं, म्हणून आता साखर नसलेले लोकही बारीक व्हायला घेतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं. त्यानं बहीण म्हणून दिलं.

"तिले काहून पायजे होतं?"

प्रेम खाली पाहत म्हणाला, "मांगच्या भरतीत तीन सेकंदानं राह्यली न ते. तुमी संक्रांतीले सगळ्यायसमोर म्हतलं होतं म्हणे, राखी, अंगातलं आठ किलो कमी कर, मंग पाय आपोआप उचलतीन. तेच घेऊन बसली होती. आठ किलो, आठ किलो. साडेपाच झाले होते."

हिरासिंगला तो दिवस आठवला. तो हसत बोलला होता, ओटाभर माणसं हसली होती आणि राखीही हसली होती. ते वाक्य परत गिळता आलं असतं तर त्यानं त्या बोळातच गिळलं असतं.

"याच्यानंच साखर उतरली काय तिची?" त्यानं शेवटी विचारलं.

"नाई. मळमळ होते, उलट्या होतात, माणूस गळून जाते. पण चांगल्या माणसाची साखर एकदम तळाले जात नाई याच्यानं. तसं फक्त इन्सुलिन करू शकते. आन् ते इन्सुलिन कायले घेईन? त्याच्यानं उलटं वजन वाढते, हे म्याच सांगतलं तिले."

हिरासिंगनं खिशातलं पेन काढलं. "हेच देलतं न तू?"

"हेच. आजीच्या पेनासारखंच दे म्हणे, लाल दोरा लावते, कोणी पाह्यलं तरी आजीचं जास्तीचं वाटीन. म्हणून म्या कागद खरवडून देलता." प्रेमनं पेन उजेडाकडे धरलं. त्यावरचा कागद खरवडलेला नव्हता. छोट्या खिडकीत तळाला पांढरा साका बसला होता. त्यानं पेन तळव्यांत घोळवलं. आतलं औषध ताकासारखं गढूळ झालं.

"काका, मी देलेलं औषध पान्यासारखं साफ राह्यते," तो हळूच म्हणाला. "हे ते नाई. हे इन्सुलिन हाये."

५

परतीच्या एसटीत हिरासिंग खिडकीजवळ बसला. बाहेर उन्हात पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं पडली होती. सगळं जुनेदकडेच बोट दाखवत होतं. फ्रीज त्याचा, लपवण्याची जागा त्याची, पेन त्याच्या हातून दिलेलं. प्रेमच्या सांगण्याप्रमाणे राखीनं पेनाच्या टोकाची चकती बत्तीस टिचक्या फिरवली असेल. तिच्या औषधाचं ते माप होतं. इन्सुलिनच्या बत्तीस टिचक्या, सकाळपासून रिकामं पोट आणि वर धावणं. पोरगी मैदानाची दुसरी फेरीसुद्धा पुरी करू शकली नसती.

पण जुनेदला तिला मारायचंच असतं तर त्यानं ते पेन फेकून दिलं असतं. तीन दिवस फ्रीजमध्ये जपून ठेवून नायकाच्या हातात कशाला दिलं असतं?

पुढच्या बाकावर दोन बाया जागेवरून भांडत होत्या. एक म्हणत होती, ही माझी जागा. दुसरी म्हणत होती, मग माझी कुठली? हिरासिंगनं आयुष्यभर अशी भांडणं मिटवली होती. एक माणूस दुसऱ्याच्या जागेवर बसला, की तो दुसरा कुठे बसलाय तेवढं बघायचं.

राखीच्या पेनाच्या जागी इन्सुलिन बसलं होतं. मग राखीचं पेन कुठे बसलं होतं?

पयले घोळलं का ताकावानी व्हायचं. आता निरं पानी हाये.

सोनीबाईनं सकाळी असंच म्हटलं होतं. शुक्रवारी रस केलता, अंजू म्हणाली होती. रस दुपारी खातात. राखी पडली दिवस मावळताना. म्हातारीनं वाटी सरकवली तेव्हा पोरगी धडधाकट होती, घरातच वावरत होती. मग आजीला दुःख सहा तास आधीच कसं झालं?

ते दुःख नव्हतंच. आठवड्यातून एकदा घ्यायचं, भूक मारणारं औषध म्हातारी चार दिवस रोज घेत होती. आणि तिचं इन्सुलिन चार दिवस तिला मिळालं नव्हतं.

फाट्यावर गाडी पुरती थांबायच्या आत तो उतरला. दुकानात शिरला, फ्रीज उघडला, डबा काढला. लाल दोऱ्याचं पेन तळव्यांत घोळवलं, दहा वेळा, वीस वेळा. आतलं पाणी निर्मळच राहिलं. दोऱ्याला कवडी होती. कवडीवर गाठ होती, दुहेरी फास घालून वर एक आडवा वेढा. तिकिटांचे गठ्ठे बांधायची ती गाठ अख्ख्या तांड्यात एकच माणूस मारायचा.

हिरासिंगनं पेन फडक्यात गुंडाळून खिशात घातलं. रहमत जवळ आला.

"काय झालं, भाऊ?"

"गाडी काढ," हिरासिंग म्हणाला. "सोनीबाईले यवतमाळले न्याचं हाये. आत्ताच्या आत्ता."

रहमतला चष्म्याशिवाय मोठ्या रस्त्यावर गाडी झेपत नव्हती. मालवाहू चारचाकीची किल्ली जुनेदनं उचलली.

तांड्यात जुनेदची गाडी शिरली तशी पोरं धावून आली. राजकुमार पुढे होता. हिरासिंग गाडीतून उतरला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. "याले हात लावला तर तुयी माय मरीन," एवढंच तो म्हणाला. जुनेद आत गेला. म्हातारी अर्धवट शुद्धीत होती आणि तिच्या श्वासाला आंबूस वास येत होता. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं. अंजू गाडीत बसली आणि सासूचं डोकं मांडीवर घेतलं. राजकुमार उभा राहून पाहत होता. गाडी वळताना त्यानंच पोरांना बाजूला सारलं.

६

नसाब देवळासमोरच्या लिंबाखाली बसली तेव्हा अजून उजेड होता. सगळा तांडा आला होता. प्रेम आर्णीहून आला होता. रहमतही आला होता आणि कडेला एकटाच बसला होता. हिरासिंगनं पागोटं नीट केलं आणि दोन्ही पेनं समोरच्या फडक्यावर ठेवली.

"राखीले कोणी मारलं, हे तुमाले पायजे," तो म्हणाला. "नाव सांगतो. पण पयले आयकून घ्या."

त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. राखीला बारीक व्हायचं होतं. प्रेमनं भूक मारायचं औषध दिलं, हुबेहूब आजीच्या पेनासारख्या पेनात. तिनं त्याला लाल दोरा लावला. जुनेदनं ते बाटल्यांमागे लपवलं आणि शपथ पाळली. तोवर काही बिघडलं नव्हतं, कारण दोन पेनं दोन जागी होती आणि एकाला कवडी होती.

"गुरुवारी वादळ झालं. जुनेदनं सगळं एका खोक्यात बर्फावर टाकलं. दोन पेनं एका जागी आली. कवडीची गाठ पान्यानं सुटली. शुक्रवारी सकाळी एका माणसानं ते कवडी उचलली आन् पयले जे लाल पेन हाती लागलं त्याले बांधली. दुसरं बर्फाखाली राह्यलं. ते जुनेदनं वीज आल्यावर बाटल्यांमागं ठेवलं. त्यानं त्याच्या जागी ठेवलं, चुकला नाई तो. दुपार कलल्यावर राखी आली. कवडीचं ते आजीचं, बिनकवडीचं ते आपलं, हे तिले पाठ होतं. कवडी तर तिनंच ओवली होती. तिनं कागद न पाहता, आपलं समजून आजीचं पेन घेतलं."

"कवडी कोणी बांधली?" राजकुमारनं विचारलं.

 हिरासिंगनं डोक्यावरचं पागोटं काढलं, घडी केली आणि पेनांच्या शेजारी ठेवलं.

"म्या बांधली. गाठ पाहून घ्या. पाच पेनं मोजली आन् पाच भरली म्हणून खूश झालो. पेनावर औषधाचं नाव असते, मले वाचता येते. एक डाव वाचलं असतं तर कागद खरवडलेला दिसला असता. नाई वाचलं. सोनीबाई सांगत होती, औषध पान्यासारखं दिसते. म्या तिलेच डोये कमजोर म्हतलं. चार दिवस समोर उभा राहून तिले सुई घ्याले लावली. आन् आठ किलो कमी कर, हेबी म्याच म्हतलं होतं."

 मग प्रेम उठला आणि उद्या आपण स्वतः पोलिसांत जाऊन सगळं सांगणार आहोत, असं म्हणाला.  त्याला कोणी बस म्हटलं नाही आणि कोणी शिवीही दिली नाही.

राजकुमार उठून हिरासिंगच्या समोर आला. पोरांना वाटलं, आता काही तरी होणार. पण तो मटकन खाली बसला.

"मंग आता मी कोणावर राग काढू, काका?" तो म्हणाला.

 तेहतीस वर्षांत हिरासिंगनं हजारो माणसांना त्यांच्या ठिकाणी उतरवलं होतं. या एका माणसाला कुठे उतरवावं, ते त्याला समजलं नाही. त्यानं राजकुमारच्या खांद्यावर हात ठेवला. राजकुमारनं तो झटकला नाही, आणि त्यामुळे म्हाताऱ्याला जास्तच रडू आलं.

तेवढ्यात रहमतचा फोन वाजला. यवतमाळहून जुनेद होता. सोनीबाईची साखर पाचशेच्या वर निघाली होती. सलाइन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रात्र काढली असती तर म्हातारी हाती लागली नसती.

राजकुमारनं रहमतकडे हात पुढे केला. "मले द्या फोन," तो म्हणाला. त्यानं फोन कानाशी धरला. मग म्हणाला, "जुनेद, जेवला काय रे तू?"

७

सोनीबाई बारा दिवसांनी परत आली. खरं काय ते तिला हिरासिंगनंच दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तो तासभर स्टुलावर बसून राहिला. ती वळली नाही.

नायकपण त्यानं सोडलं. तांड्यानं पागोटं परत नेऊन दिलं होतं, ते त्यानं खुंटीला टांगून ठेवलं. डबा मात्र सोडता येईना. चौघं जण सकाळी देवळाच्या ओट्यावर येऊन बसायचे, न बोलता हात पुढे करायचे आणि तो पेनं द्यायचा. 

त्या दिवशी ओट्यावर पाचवी येऊन बसली. अंजूच्या खांद्याचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत. हिरासिंगला उठून जावंसं वाटलं. पण तो उठला नाही. यवतमाळहून आणलेलं नवं पेन त्यानं तिच्या हातात दिलं. नवा लाल दोरा होता. सोनीबाईनं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"कवडी कुठी हाये?"

"मायापाशी हाये," तो म्हणाला. बारा दिवस ती सदऱ्याच्या खिशात होती. "बांधाची हिंमत होत नाई."

 म्हातारीचे अधू डोळे मैदानाच्या दिशेला होते. तिथे आश्रमशाळेतल्या दोन पोरी सकाळच्या उजेडात धावत होत्या. त्यांच्या बुटांचा आवाज इथवर येत होता.

"माया पोरीनं ओवली होती ते," ती शेवटी म्हणाली. "तिले खिशात नको ठेवू, नायक. बांध." आणि पेन त्याच्याकडे सरकवत पुढे म्हणाली, "पण या वक्ती वाचून बांध."

हिरासिंगनं चष्मा लावला. पेन उजेडात धरून त्यानं त्यावरचं औषधाचं नाव एकेक अक्षर करत मोठ्यानं वाचलं. नंतर तारीख वाचली. चौघांनी ऐकलं, अंजूनं ऐकलं. सोनीबाईनं मान हलवली, तेव्हा त्यानं खिशातून कवडी काढली आणि दोऱ्यात ओवून गाठ मारली.